छावणीतली ताणमुक्ती प्रतिनिधी

२९ जानेवारी, मंगळवार

कालच्या नोंदीत चूक झाली आहे. मी लिहिलं की ‘ताणतणाव आणि आपण’ या कार्यशाळेत सानप मॅडमनी बारावीच्या वर्गातून ताणमुक्ती प्रतिनिधी म्हणून माझी निवड केली. बरोबर असं: कोण होणार, हात वर करा, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा माझा हात आधीपासूनच वर होता. मला बाहेर जायचं होतं. छातीत कसंतरी होत होतं आणि खिडक्या बंद होत्या. मॅडम म्हणाल्या, शाब्बास दैवशाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्यावर बाहेर जाता येत नाही.

पण निवड ती निवड.

रोजनिशी लिहिल्याने मन मोकळं होतं असं मॅडमचं म्हणणं. माझं मोकळंच आहे. दुसऱ्यांना सांगता यावं म्हणून सराव करते आहे.

३० जानेवारी, बुधवार

प्रतिनिधीने आधी स्वतःची परिस्थिती शांतपणे मांडावी, असं कार्यशाळेत वाटलेल्या पत्रकात आहे. मांडते.

आई आणि आप्पा दिवाळी झाल्यावर बैलगाडी घेऊन सांगलीकडे कारखान्यावर ऊसतोडीला गेले. गावात चारा नाही, पाणी नाही. म्हणून मी, नववीतली राजकन्या आणि आप्पांची थोरली बहीण भिवरा आत्या, आम्ही तिघी मैना गाईला आणि तिच्या वासराला घेऊन दूध संस्थेच्या चारा छावणीत राहतो. घराला कुलूप आहे. इथे ताडपत्रीचं पाल आहे. गाईला आमच्यापेक्षा मोठी जागा मिळाली आहे, कारण छावणी तिच्यासाठी आहे.

एकवीस फेब्रुवारीला बारावीचा पहिला पेपर. जाताना आप्पा आत्याला म्हणाले होते, पास झाली तर नर्सिंगला घालू, न्हाई झाली तर पुढच्या सालाला हिचाबी कोयता लावू. कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. मुलीचा कोयता लावायचा म्हणजे आधी तिचं लग्न लावायचं आणि मग तिला उसाच्या फडात न्यायचं.

मला याचा काही ताण नाही. आमच्या घरात शाळेत गेलेली मीच पहिली, त्यामुळे ताण कसा घ्यायचा हे दाखवायलाही कोणी नाही.

२ फेब्रुवारी, शनिवार

पत्रकातले सगळे उपाय आधी स्वतःवर करून बघितले.

भरपूर पाणी पिणे हा पहिला. टँकर सोमवारी येणार, तो उपाय सोमवारवर ढकलला. निसर्गात फिरायला गेले. एक बाभूळ आहे. तिच्या सावलीत संस्थेचे चेअरमन मोहनराव यांची जीप उभी असते, म्हणून जीपभोवती फिरले. ड्रायव्हरने विचारलं, काय पडलंय का गं तुझं. दीर्घ श्वसन करायला बसले तेव्हा शेजारी कडब्याची कुट्टी चालू होती. खोकल्याची उबळ आली, आत्याने पाठीत दोन धपाटे घातले. त्याने मात्र जरा बरं वाटलं. व्यायामात शेण उचलणं धरतात का, हे मॅडमना विचारायचं आहे.

आवडीच्या छंदात मन रमवणे. हा आठवेना. होता काहीतरी.

झोपेचं नीट चाललं आहे. वेळेवर पाठ टेकते.

३ फेब्रुवारी, रविवार

आईचा फोन. रविवारी संध्याकाळी येतो.

आई म्हणाली, बरं हाय का. मी म्हणाले, बरं हाय. मी विचारलं, तुमचं. ती म्हणाली, आमचंबी बरं हाय. आवाज बसलेला वाटला. ती म्हणाली, पाचटाची धूळ. मग तिने विचारलं, तुझा आवाज कावून असा यायलाय. मी म्हणाले, इकडेही धूळच.

फडावर कधी खरं सांगायचं नसतं, ही आमच्याकडची रीत आहे. हंगाम अर्धा टाकून त्यांना येता येत नाही, आणि कळलं की तिथं राहवत नाही. मागच्या साली आत्याचा पाय मोडला तेव्हाही आम्ही बरं हाय असंच सांगितलं. आई परत आली तोवर पाय जुळला होता आणि आत्या थोडी वाकडी चालायला लागली होती. आई म्हणाली, कावून गं वन्सं, चाल बदललीस का.

जवळच्या माणसांशी मोकळा संवाद: झाला.

६ फेब्रुवारी, बुधवार

आज छावणीतल्या मुलामुलींसाठी पहिली ताणमुक्ती बैठक घेतली. दहावी-बारावीची बरीच मुलं इथे आहेत, त्यातलं कोणी आलं नाही. राजकन्या आली, कारण तिला आत्याने भांडी घासायला सांगितली होती. आणि दोन आजोबा आले. त्यांना वाटलं पेंडीच्या वाटपाबद्दल मीटिंग आहे. मी म्हणाले, इथे मनातलं बोलायचं असतं. त्यावर एक आजोबा पेंडीबद्दल पुष्कळ वेळ मनातलं बोलले. शेवटी डोळे पुसून म्हणाले, बरं वाटलं बाई, उद्या कवा हाय?

पहिल्या बैठकीच्या मानाने यशस्वी.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

मैनेकडे बारकाईने बघितल्यावर लक्षात आलं की तिला नैराश्य आहे. पत्रकातली लक्षणं हुबेहूब जुळतात. खाण्यावरून मन उडालं आहे. चारचौघांत असून एकटी उभी राहते. झोप नाही. कशात रस नाही. कुणी हाक मारली की मान वळवते, पण मनापासून नाही.

रोज सकाळी संस्थेचा सेक्रेटरी बिभीषण मोबाइल घेऊन फिरतो आणि जनावरांच्या कानातले बिल्ले स्कॅन करतो. ती त्यांची हजेरी. त्या वेळी घरातलं माणूस जनावरापाशी उभं लागतं. आज मी उभी होते. मी त्याला प्रतिनिधी या नात्याने सगळी लक्षणं सांगितली.

तो घाबरला. म्हणाला, साथीचं काय निघालं तर सगळी छावणी बसंल. मैनेचं दावं सोडून त्याने तिला कडेच्या, आजारी जनावरांच्या शेडात बांधलं. आणि आजारी जनावराचं दूध संस्था घेत नाही, असा नियम निघाला.

आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, पोरी, तुला कावून सुचलं हे? गाईला कुटं मन असतंय का? आता हे दूध काय तुझ्या मॅडमला पाठवू?

११ फेब्रुवारी, सोमवार

तीन दिवस आम्ही दूधच पितो आहोत. म्हणजे राजकन्या पिते. तिचे गाल वर आले आहेत.

आज जनावरांचे डॉक्टर आले. मैनेला ताप नाही, रवंथ चालू, शेण चांगलं. त्यांनी विचारलं, कोण म्हणलं आजारी आहे. मी पुढे झाले आणि लक्षणं सांगितली. ती रात्रीची झोपत नाही, हेही सांगितलं.

डॉक्टर हसले. म्हणाले, बरं, गाय रात्री झोपत नाही हे तुला कसं कळलं गं? मी म्हणाले, मी जागीच असते ना.

का कोण जाणे, ते हसायचे थांबले. मग गाईकडे न बघता माझ्याकडेच बघत विचारायला लागले. खाणं कधीपासून कमी झालंय? मी म्हणाले, दिवाळीपासून. रडू येतं का? मी म्हणाले, येतं, पण ती कुणाला दाखवत नाही. आत्या मधेच म्हणाली, सायेब, ही गाय कालबी पाटी चाटून पुसून खाल्ली, रडायला काय झालंय तिला.

डॉक्टर आत्याला म्हणाले, मावशी, गाय ठणठणीत आहे. बाकीच्यांकडे बघा.

बाकीचे म्हणजे वासरू. मी त्याच्यावर लक्ष ठेवून आहे.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

दुरुस्ती. वासरू दिवसभर उड्या मारत होतं. डॉक्टरांचा रोख वासरावर नव्हता, राजकन्येवर होता. माझ्या लक्षात आधीच यायला हवं होतं.

ती कारण नसताना हसते. पोटभर जेवते. पाठ टेकली की झोपते. पत्रकात स्पष्ट लिहिलं आहे, काही मुलं आपलं दुःख हसण्यामागे लपवतात. एवढं हसायचं म्हणजे खाली दुःख किती असेल.

तिला जवळ बसवून विचारलं, तुला आतून काय वाटतंय? ती म्हणाली, भेळ खावी वाटायलीय.

सरकारी दवाखान्यात दर गुरुवारी एक समुपदेशक मॅडम येतात, शाळा-कॉलेजच्या मुलांशी बोलायला. तिला घेऊन जाणार. आत्याला सांगितलं, राजकन्येचे डोळे तपासायचे आहेत.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

राजकन्येला नेलं. डोळ्यांबद्दल खोटं बोलल्यासारखं वाटत होतं, पण मॅडमनी तिच्या डोळ्यांत बघूनच बोलायला सुरुवात केली, त्यामुळे तेवढं खरं ठरलं.

मॅडम वयाने फार मोठ्या नाहीत. राजकन्येशी थोडा वेळ बोलल्या. दोघी हसत होत्या. मग तिला म्हणाल्या, जा, बाहेर भेळेची गाडी आहे. मला म्हणाल्या, तू बस.

मी राजकन्येची सगळी माहिती दिली. झोप लागत नाही. घास फिरतो. पुस्तक उघडलं की पान तेच राहतं. सकाळी उठायचं म्हटलं की अंगावर कुणी पोतं टाकल्यासारखं वाटतं. मॅडम शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, कधी जगावंसंच वाटत नाही, असं होतं का? मी म्हणाले, राजकन्येला? छे. तिला पुढच्या महिन्यात धर्मापुरीच्या मावशीकडे जायचंय.

त्या म्हणाल्या, आणि तुला?

मी म्हणाले, मी प्रतिनिधी आहे.

 त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, एक सांगते, हे दुखणं ताप-खोकल्यासारखंच आहे, कुणालाही होतं, आणि बरं होतं. फक्त एकटीने ओढायचं नसतं. पुढच्या गुरुवारी ये. राजकन्येला आणू नकोस. मधे फारच वाईट वाटलं तर गुरुवारची वाट न बघता यायचं, कुठल्याही वेळी.

बहुधा त्यांना माझ्या कामाचा अनुभव ऐकायचा असेल.

भेळेत कांदा जास्त होता, असं राजकन्या म्हणाली. मीही दोन घास खाल्ले. एक.

१७ फेब्रुवारी, रविवार

फोन. बरं हाय. बरं हाय.

आज आप्पाही बोलले. अभ्यास चाललाय ना, म्हणाले. मी हो म्हणाले. पुस्तक दिवसभर उघडं असतं.

२० फेब्रुवारी, बुधवार

उद्या इंग्रजीचा पेपर. मन शांत आहे. उद्या गुरुवार असल्यामुळे समुपदेशक मॅडमकडे जाता येणार नाही, याचं फार वाईट वाटतं.

मुलींना परीक्षेआधी ताण येऊ नये म्हणून छावणीतल्या सगळ्या बारावीच्या मुलींना सल्ला दिला: हलकं जेवा, लवकर झोपा. हलकं जेवले. बाकीचं चालू आहे.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

इंग्रजीचा पेपर चांगला गेला. लवकर संपवला.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

कालच्या नोंदीत ‘संपवला’ हा शब्द बरोबर नाही.

पहिला प्रश्न वाचला. शब्द सगळे ओळखीचे होते, पण एकापुढे एक लावले की त्यांचं काहीच होत नव्हतं. हाताला घाम आला, पेपर ओला झाला. छातीत कार्यशाळेतल्यासारखं व्हायला लागलं. दीर्घ श्वसन केलं. पुढच्या बाकावरची मुलगी वळून म्हणाली, फुसफुस करू नको गं, मला सुचंना. मग जाऊ देतात त्या वेळेला बाहेर आले. शाळेच्या मागे पाण्याची रिकामी टाकी आहे, तिच्या सावलीत पेपर सुटेपर्यंत बसले. नंतर सगळ्यांबरोबर एसटीने आले. गाडीत सगळ्या विचारत होत्या, निबंध कोणता लिहिलास. मी म्हणाले, पाण्याचं महत्त्व.

असा निबंध पेपरात होता की नाही, माहीत नाही. कोणी काही बोललं नाही.

२३ फेब्रुवारी, शनिवार

आज पालातच होते. आत्याने विचारलं, मराठीचा पेपर आज न्हाई का? मी म्हणाले, माझा नाही.

तीच तारीख, संध्याकाळ

होता.

२४ फेब्रुवारी, रविवार

लिहायला हात उचलत नाही, पण नीट लिहायला हवं.

फोन आला. आई म्हणाली, बरं हाय का. मी तोंड उघडायच्या आत राजकन्येने मोबाइल हिसकावला आणि एका दमात सांगितलं: ताई जेवत न्हाई, झोपत न्हाई, काल पेपरला गेली न्हाई, टाकीमागं बसून रडली म्हणून वर्गातली पोरगी सांगायली, अन् मला येडी समजून दवाखान्यात घेऊन गेलती.

मी तिच्या हातातून फोन घ्यायला धावले. आत्याने माझा दंड धरला. तिची पकड इतकी घट्ट असेल असं वाटलं नव्हतं.

 पलीकडून फक्त कुणाची तरी बैलं आणि भांडी ऐकू येत होती. मला वाटलं, झालं. आता हे अर्धा हंगाम टाकून निघणार, टोळीत बोलणी खाणार, आणि सगळं माझ्यामुळे. मी ओरडून म्हणाले, काही नाही झालं, ही खोटं बोलते.

आई म्हणाली, गप. पेपर गेला तर पुन्हा देता येतो का?

मी म्हणाले, येतो. जुलैत.

मंग? असं तिने विचारलं. नंतर म्हणाली, पेपर पुन्हा येतंय. तू कुटून आणायची? मी म्हणाले, आप्पा कोयत्याचं म्हणाले होते. ती म्हणाली, त्यांच्याकडं मी बघते. ह्या एका वाक्याला आई इतकी मोठ्याने बोलली की आप्पा शेजारीच असणार. आप्पा फोनवर आले नाहीत. ते काय म्हणतील, मला माहीत नाही.

शेवटी म्हणाली, मला लगेच निघता येत न्हाई, दैवशाले. खरं सांगते, न्हाई येत. आत्याचा हात सोडू नको. आणि माझ्याशी बरं हाय म्हणायचं न्हाई आता. बरं नसंल तर न्हाई म्हणायचं.

मग तीच रडायला लागली. म्हणाली, धूळ.

२५ फेब्रुवारी, सोमवार

आत्याने आज मला पालाबाहेर जाऊ दिलं नाही. स्वतः शेण काढलं. मग दुधात भाकरी कुस्करून पुढे ठेवली आणि समोर बसून राहिली. मी म्हणाले, तू बघत बसलीस की घास उतरत नाही. ती म्हणाली, मग डोळे मिटते. खरंच मिटून बसली. मधून एक डोळा उघडून बघत होती.

मग म्हणाली, एवढं झालतं तर मला कावून सांगितलं न्हाईस?

मी म्हणाले, सांगितलं होतं. गाईचं म्हणून.

ती जवळ सरकली. माझं डोकं मांडीवर ओढलं आणि केसांतली कुट्टी वेचत बसली. थोडी झोप लागली.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

आता पुष्कळ बरं वाटतं आहे. आज जायची तयारी केली होती, आत्या बरोबर येते म्हणत होती. मी म्हणाले, मैनेच्या हजेरीला कोण, मी एकटी जाते. गेलेही. दवाखान्याच्या फाटकात आमच्या गावच्या दगडाबाई भेटल्या, बीपीच्या गोळ्यांसाठी आलेल्या. त्यांनी विचारलं, तू कावून आलीस गं? मी म्हणाले, राजकन्येच्या डोळ्यांचं विचारायला. त्या म्हणाल्या, डोळ्यांची खोली ती तिकडं. आणि स्वतः सोडायला आल्या.

डोळ्यांच्या खोलीत जाऊन आले. माझी नजर चांगली आहे.

तशी फार गरजही नव्हती. उपाय मला पाठच आहेत.

३ मार्च, रविवार

आई म्हणाली, बरं हाय का. मी म्हणाले, हाय. ती म्हणाली, दैवशाले. मी म्हणाले, न्हाई.

बाकी काही बोलणं झालं नाही. पण दोघी फोन धरून होतो.

५ मार्च, मंगळवार

आज लाजेने मरायची वेळ आली.

आत्याने बिभीषणला जाऊन सांगितलं की गुरुवारी आम्हा दोघींना दवाखान्यात जायचं आहे, हजेरीला गाईपाशी उभं राहायला माणूस लागेल. राजकन्येची शाळा आहे. बिभीषण बरं म्हणाला आणि जाऊन सरळ भोंग्यावर बोलला. बंकटरावांची थोरली मुलगी दैवशाला हिची तब्येत बरी नाही, मनाच्या डॉक्टरीनबाईकडे जायचं आहे, तरी गुरुवारी मैना गाईजवळ कोण थांबणार त्याने ऑफिसात कळवावे. दोन वेळा.

मी पालात तोंड लपवून बसले. आता सगळी छावणी हसणार, कॉलेजात कळणार, प्रतिनिधीपद जाणार. हे सगळं मनात रचत होते, तेवढ्यात शेजारच्या पालातले सुंदरराव येऊन म्हणाले, मी थांबतो गाईपाशी, माझा वळूबी शेजारीच हाय, जा तुमी बिनघोर. पेंडीवाले आजोबा आले आणि म्हणाले, बाई, तिथं बोललं की बरं वाटतंय का? मग मीबी एकदा येईन. दगडाबाई म्हणाल्या, अगं, मग त्या दिवशी डोळ्याच्या खोलीत कशाला सोडायला लावलंस मला? गुरुवारी मलाबी यायचंय, तिघी मिळून जाऊ.

त्यानंतर भोंगा पेंडीच्या वाटपाकडे वळला. कोणी माझ्याबद्दल पुढे काही बोललं नाही.

सबबी शोधत बसले. गाईची सोय झाली. सोबत झाली. पेपर आता जुलैत. टँकर बुधवारी.

तिथे गेल्यावर कोणासाठी आलीस असं विचारलं तर काय म्हणायचं, हे आत्यासमोर म्हणून बघितलं. माझ्यासाठी. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. आत्या म्हणाली, पुन्हा म्हण. पुन्हा म्हणाले. ती म्हणाली, हौ, एवढंच.

गुरुवार, ७ मार्च. सकाळी नऊची एसटी.